जहाज फुल होतं, तरीही निघून गेलं



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने प्रश्न विचारला. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवीन क्रूझ टर्मिनल झालंय. सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, वर्षाला 10 लाख प्रवासी हाताळायची क्षमता आहे. त्याच्या मामांचा फोर्टमध्ये गाळा आहे. "सर, कर्ज काढून तिथे बॅगा आणि गिफ्ट आर्टिकल्सचं दुकान टाकू का? गिऱ्हाईक तर आपल्या दारातूनच जाणार!"

मी त्याला हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. एका शहराची गोष्ट सांगितली. व्हिडिओत ती घाईघाईत झाली, म्हणून इथे नीट लिहितोय. क्रूझचा धंदा आपल्यापैकी कोणी करणार नाही, हे मलाही माहितीये. पण जहाज कंपनी एखादं बंदर का निवडते आणि का सोडते, हे समजलं की आपला मोठा ग्राहक आपल्याला का सोडतो तेही समजतं.

मोबीलमध्ये काय झालं?

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात मोबील नावाचं बंदर आहे. स्पेलिंग आपल्या मोबाईलचंच. 2004 साली या शहराने सुमारे 2 कोटी डॉलर खर्चून क्रूझ टर्मिनल बांधलं, त्यासाठी कर्ज घेतलं. कार्निव्हल कंपनीने आपलं एक जहाज तिथे आणलं. तिथून निघायचं, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जायचं आणि चार-पाच दिवसांत परत. मोबील हे त्या जहाजाचं 'होम पोर्ट' झालं, म्हणजे प्रवास जिथे सुरू होतो आणि संपतो ते बंदर.

होम पोर्ट होणं म्हणजे गावाला रोजगार. प्रवासी आदल्या दिवशी येतो, हॉटेलात राहतो, गाडी पार्क करतो, जेवतो. जहाजात भाजीपाला, अंडी, पाणी भरलं जातं. हमाल लागतात, टॅक्सी लागते. आजूबाजूच्या राज्यांतून लोक स्वतःच्या गाड्या घेऊन यायचे. जहाज भरून जायचं.

आणि 2011 च्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं, आम्ही निघतोय. ऑक्टोबरमध्ये 'एलेशन' हे जहाज न्यू ऑर्लीन्सला गेलं. अंतर किती? साधारण 230 किलोमीटर. आपल्या भाषेत मुंबईहून साताऱ्याच्या थोडं अलीकडे.

टर्मिनल तिथेच राहिलं. कर्जाचे हप्तेही तिथेच राहिले.

फुल आणि फायदा, दोन वेगळ्या गोष्टी

जहाज रिकामं जात होतं म्हणून कंपनी गेली असती तर गोष्ट साधी होती. पण जहाज फुल होतं. तरी का गेली? कारण मोबीलहून तिकिटाला भाव कमी मिळत होता आणि इंधन महाग झालं होतं.

समजा जहाजात 2000 प्रवासी आहेत. हे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. न्यू ऑर्लीन्सहून त्याच प्रवासाला माणशी 2000 रुपये जास्त मिळत असतील, तर एका फेरीला 40 लाखांचा फरक पडला. वर्षाला 80 फेऱ्या धरा. 32 कोटी झाले. जहाज तेच, कॅप्टन तोच, डिझेल तेच, स्वयंपाकी तेच. खर्चात काडीचा फरक नाही आणि गल्ल्यात 32 कोटी जास्त! तुम्ही मालक असता तर काय केलं असतं? खरं सांगा.

शिवाय तिकीट ही सुरुवात असते. जहाजावर बार आहे, कॅसिनो आहे, स्पा आहे, फोटोवाला आहे. उतरल्यावर फिरायच्या सहली विकल्या जातात. म्हणून कंपनी फक्त "किती माणसं चढली" एवढंच बघत नाही. "एका माणसामागे एका दिवसाला किती सुटले" हे बघते. आपल्याकडे दुकानदार संध्याकाळी सांगतो, "आज काय गर्दी होती!" मी विचारतो, गर्दीतून सुटले किती? तिथे गडी गप्प.

गाव नुसतं जवळ असून भागत नाही

आता न्यू ऑर्लीन्सला जास्त पैसे द्यायला लोक का तयार होतात? ते शहरच लोकांना बघायचं असतं. संगीत, खाणं, मार्डी ग्राचा उत्सव. विमानतळ मोठा, त्यामुळे लांबची माणसं विमानाने येतात, दोन दिवस आधी राहतात आणि मग जहाजावर चढतात. गंमत म्हणजे मार्डी ग्राची परंपरा मोबीलमध्ये जुनी आहे, अगदी 1703 पासूनची सांगतात. पण जगाला नाव माहिती न्यू ऑर्लीन्सचं. आधी सुरू केलं म्हणून ब्रँड होत नाही, हा धडा त्यातला फुकटचा.

अजून एक. न्यू ऑर्लीन्स समुद्रावर नाहीच. मिसिसिपी नदीतून सुमारे 160 किलोमीटर आत आहे. जहाजाला समुद्र गाठायलाच कित्येक तास लागतात. म्हणजे गैरसोय असूनही कंपनी तिथे गेली. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असेल तर धंदेवाला गैरसोय सोसतो.

पण हे प्रत्येक वेळी चालत नाही. टेक्सासमधलं ह्यूस्टन हे अमेरिकेतलं चौथं मोठं शहर. त्यांनी 2008 च्या सुमारास बेपोर्ट इथे क्रूझ टर्मिनल तयार केलं. कित्येक वर्षं नियमित जहाजच आलं नाही. मग सवलती देऊन 2013-14 मध्ये प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन या दोन कंपन्या आणल्या. 2016 मध्ये दोघीही गेल्या. आणि तिथून जवळच, थेट समुद्राच्या तोंडावर असलेलं गॅल्व्हस्टन? गाव छोटं, पण ह्यूस्टनचा माणूस तासाभरात गाडीने पोचतो आणि जहाजाला खाडीतून आत-बाहेर करण्यात वेळ घालवावा लागत नाही. तिथे रॉयल कॅरिबियनने 12.5 कोटी डॉलरचं टर्मिनल उभं केलं, 2022 मध्ये ते सुरू झालं.

इथे थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. मोबीलमध्ये पैसा गावाने लावला होता. गॅल्व्हस्टनच्या त्या टर्मिनलमध्ये जहाज कंपनीने स्वतःचा पैसा अडकवला. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहक तुमच्याकडे राहणार की नाही हे त्याच्या गोड बोलण्यावरून ठरवू नका, त्याचा स्वतःचा किती पैसा तुमच्याबरोबर अडकलाय त्यावरून ठरवा. सवलत देऊन आणलेला ग्राहक सवलत संपेपर्यंत असतो.

बाकीची कारणंही थोडक्यात सांगतो. टाम्पा बंदराच्या वाटेवर स्कायवे पूल आहे, त्याखाली साधारण 55 मीटर उंची मिळते. आजची सर्वांत मोठी जहाजं त्याखालून जातच नाहीत. बंदर कितीही चांगलं असो, पूल काही उचलता येत नाही. कायदाही आहे: 1886 च्या एका जुन्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला फक्त अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची. त्यामुळे मेक्सिको किंवा बहामा चार दिवसांत होतं की नाही, यावर बंदराचं नशीब ठरतं.

छोट्या बंदराला जुनं जहाज

नवीन, मोठं जहाज मायामीसारख्या बंदराला जातं. छोट्या बंदराला बहुतेक वेळा जुनं, लहान जहाज मिळतं. 2016 मध्ये कार्निव्हल मोबीलला परत आली, तेव्हा 'फँटसी' नावाचं जहाज आणलं. 2020 मध्ये कोरोनात ते भंगारात गेलं. मग 2022 मध्ये 'एक्स्टसी' आलं, काही महिन्यांत तेही भंगारात. मग वर्षभर पुन्हा काहीच नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 'स्पिरिट' आलं, तेही हंगामापुरतं.

आपल्या जत्रेतला पाळणावाला आठवा. मोठ्या जत्रेला मोठा पाळणा, छोट्या गावाला जुना, कुरकुरणारा. आणि पाळणावाला गावाशी लग्न करत नाही. पुढची जत्रा जास्त कमाईची असेल तर रात्रीत नटबोल्ट खोलून निघतो. त्यात त्याची चूक काय? जहाज म्हणजे समुद्रावरचा पाळणा आहे.

म्हणून मला कार्निव्हलचा राग येत नाही. चूक झाली ती एका गोष्टीत: जो ग्राहक हलू शकतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर न हलणारी गुंतवणूक कर्ज काढून केली.

माझं पण मोबील झालं होतं

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, एमआयडीसीजवळ. बीबीए करून बसलो होतो, तरी ही चूक केली. एक कंपनी माझ्याकडून बॉक्स, टेप, बबल रोल घ्यायची. माझ्या विक्रीतला जवळजवळ 60 टक्के माल एकट्या तिचा. मी खूश. तीन वर्षांच्या करारावर गोडाऊन घेतलं, टेम्पो कर्जावर काढला. मग त्यांची खरेदी एका ठिकाणहून व्हायला लागली आणि मला एक ईमेल आला. भांडण नाही, माल खराब नाही, पेमेंटचा वाद नाही. माझ्या दुकानाचं जहाज निघून गेलं, एवढंच.

गोडाऊनचं भाडं आणि टेम्पोचा हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला येत राहिला. बायकोने तिची मोडलेली एफडी मी अजून विसरलो नाहीये. आमच्या वडिलांनी एकच वाक्य सांगितलं, "अरे, गिऱ्हाईक पाहुणा असतो, पाहुण्यासाठी कोणी माडी चढवतं का?"

आज माझा नियम आहे: एका ग्राहकाची विक्री 25 टक्क्यांच्या वर गेली की मी आनंदाने पेढे वाटत नाही, दुसरे ग्राहक शोधायला बाहेर पडतो.

मग मोठा ग्राहक घ्यायचाच नाही का?

घ्यायचा! मोबीलनेही जहाज बोलावलं ते बरोबरच केलं. फक्त घेण्याआधी वहीत चार प्रश्न लिहा.

1. हा ग्राहक निघून जायचा म्हटला तर त्याला किती खर्च येईल? शून्य असेल तर सावध.
2. त्याच्यासाठी मी जे विकत घेतोय, ते तो गेल्यावर दुसऱ्या कोणासाठी वापरता येईल का? टेम्पो वापरता येतो. फक्त त्याच्या मापाचा साचा वापरता येत नाही.
3. कर्ज किती महिन्यांचं आणि त्याची ऑर्डर किती महिन्यांची? कर्ज लांब आणि ऑर्डर आखूड असेल तर मधलं अंतर तुमच्या खिशातून जाणार.
4. माझ्याकडून घेतल्यामुळे त्याला जास्त सुटतात का? भाव कमी करून नुसतं 'फुल' ठेवलं, तर तो उद्या जास्त कमाईच्या जागी जाईलच.

आणि कधीकधी बंदरही जहाजाला नाही म्हणू शकतं. चार्ल्स्टन बंदराने कार्निव्हलशी होम पोर्टचा करार पुढे वाढवला नाही, 2024 च्या शेवटी ते जहाज तिथून गेलं. शहराच्या मध्यावरची किनाऱ्याची जागा वेगळ्या विकासासाठी वापरायचं त्यांनी ठरवलं. नाही म्हणायची ताकद कोणाकडे असते? ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो.

त्या मुलाला मी शेवटी काय सांगितलं?

मुंबई म्हणजे मोबील नाही. विमानतळ आहे, श्रीमंत गिऱ्हाईक आहे, शहर बघायला लोक येतात. पण मुंबईनेही जहाजं येताना-जाताना पाहिली आहेत. 2005 मध्ये स्टार क्रूझेसचं 'सुपरस्टार लिब्रा' आलं, पुढे गेलं. 2019 मध्ये जलेशचं 'कर्णिका' आलं, 2020 मध्ये कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला तोडायला गेलं. 2021 पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' सुरू झालं. 2022 च्या जूनमध्ये त्याने चेन्नईहून फेऱ्या केल्या, कारण पावसाळ्यात आपला समुद्र कसा असतो ते कोळीवाड्यात विचारा.

म्हणून मी त्याला म्हटलं, "टर्मिनलची क्षमता 10 लाख आहे, म्हणजे गिऱ्हाईक 10 लाख आहे असं नाही. मामांच्या गाळ्यात दुकान टाक, पण असा माल ठेव जो फोर्टमधला ऑफिसवाला बाराही महिने घेईल. क्रूझचा प्रवासी आला तर तो वरचा नफा. कर्जाचा हप्ता ऑफिसवाल्याच्या जिवावर बसला पाहिजे, जहाजाच्या नाही."

थोडा हिरमुसला. पण दोन दिवसांनी गाळ्यासमोर सकाळ-संध्याकाळ उभा राहून येणारी-जाणारी माणसं मोजतोय, असा त्याचा मेसेज आला. मला तेवढं पुरे.

तुमचा गृहपाठ: आज रात्री दुकान बंद केल्यावर मागच्या सहा महिन्यांची बिलं काढा. सर्वांत मोठ्या ग्राहकाची विक्री एकूण विक्रीच्या किती टक्के आहे, ते कागदावर लिहा आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. तो आकडा बघून पोटात गोळा आला, तर उद्या सकाळी पहिलं काम काय करायचं ते तुम्हाला माहितीये.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण पाय जमिनीवर ठेवून!