जुन्या विमानाला नवे डोळे : सौदा फायद्याचा केव्हा?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला अखेरचा निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान ६२ वर्षे सेवेत राहिले. शेवटी उरली होती ती 'बायसन' या नावाची, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे बसविलेली विमाने. हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. जुने यंत्र सुधारून चालवावे की नवे घ्यावे, हा प्रश्न मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारखानदाराला जसा पडतो तसाच सरकारलाही पडतो. फरक इतकाच की, विमानाच्या बाबतीत हिशेब चुकला तर पैशाबरोबर माणूसही जातो. शिवाय हे काम आपल्याच नाशिक जिल्ह्यात झाले आहे.

१९९६ साली भारताने रशियाशी १२५ मिग-२१ विमाने सुधारण्याचा करार केला. पहिली दोन विमाने रशियात तयार झाली; बाकीचे काम ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झाले. हा कारखाना १९६४ साली मिग बनविण्यासाठीच उभा राहिला होता. म्हणजे ज्या कारागिरांनी विमान घडविले, त्यांच्याच कारखान्यात ते पुन्हा उघडले गेले. त्यात 'कोप्यो' हे रशियन रडार बसले. वैमानिकाने मान वळवून पाहिले की त्या दिशेच्या लक्ष्यावर नेम धरता येईल, असे शिरस्त्राण आले. जवळच्या लढाईसाठी आर-७३ आणि दूरच्या माऱ्यासाठी आर-७७ ही क्षेपणास्त्रे आली.

याचा लाभ मोठा झाला, हे मान्य करावे लागेल. पूर्वी मिग-२१ ला शत्रूच्या पाठीमागे जवळ जाऊन गरम इंजिनाचा माग काढणारे क्षेपणास्त्र सोडावे लागे. आता शत्रू डोळ्यांना दिसण्याआधीच त्याच्यावर मारा करणे शक्य झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी एफ-१५ विमानांबरोबर सराव झाला, तेव्हा पाहुण्या वैमानिकांनी बायसनची दखल घेतली. लहान आकाराचे, सहज न दिसणारे विमान, आणि हाती लांब पल्ल्याचे हत्यार, ही जोडी त्यांना अवघड गेली.

पण काय बदलले नाही, तेही पाहावे. इंजिन तेच जुने आर-२५ राहिले आणि तेही एकच. इंधनाची टाकी लहान, उतरतानाचा वेग फार. मिग-२१ तोंडाने हवा घेते आणि रडार त्या तोंडातल्या शंकूत बसते. म्हणून शंकूत मावेल तेवढेच रडार घालता आले. डोळे नवे आले, पण खोबण जुनीच. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक दगावले. हा आकडा सर्व प्रकारच्या मिगांचा आहे. तरी त्यातून धडा मिळतो : रडार बदलल्याने सांगाड्याचे वय कमी होत नाही.

दुसरी समजूत अशी की, सुधारणा म्हणजे स्वस्ताई. २०११ साली ५१ मिराज-२००० विमाने सुधारण्याचा करार फ्रान्सशी झाला, तो सुमारे १० हजार ९०० कोटी रुपयांचा. म्हणजे एका विमानामागे दोनशे कोटींहून अधिक. त्यांची क्षेपणास्त्रे पुढच्या वर्षी वेगळ्या कराराने घ्यावी लागली. जग्वार विमानांना नवे इंजिन बसविण्याचा बेत तर २०१९ साली किमतीपायी सोडून द्यावा लागला. जुन्या यंत्राला नवा भाग जोडायचा तर विकणारा एकच असतो, आणि एकच विकणारा असला की भाव तोच ठरवितो. हे आमच्या व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

खरे नुकसान तिसरेच आहे. सुधारणा करून आपण मुदत विकत घेतो. त्या मुदतीत नवे यंत्र तयार व्हायला हवे. मिग-२१ ची जागा घेण्यासाठी स्वदेशी हलक्या विमानाला १९८३ साली मंजुरी मिळाली. ते तेजस विमान प्रथम उडाले जानेवारी २००१ मध्ये, आणि त्याची पहिली तुकडी उभी राहिली २०१६ साली. २०२१ मध्ये मागविलेली ८३ सुधारित तेजस विमाने २०२४ पासून मिळायची होती. अमेरिकेकडून इंजिने उशिरा आली आणि ती तारीख टळली. दरम्यान बायसनला ओढत न्यावे लागले. ते गेले तेव्हा मंजूर ४२ तुकड्यांपैकी २९ च उरल्या. मुदत मिळाली, पण तिचा वापर झाला नाही.

म्हणून जुनी विमाने सुधारूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. चांगला सांगाडा मोडीत काढणे हाही अपव्ययच. २०२३ च्या अखेरीस सुखोई-३० विमाने देशातच सुधारण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. दोनशेहून अधिक सुखोई ओझरलाच बांधली गेली आणि त्यांचा सांगाडा मिगपेक्षा कितीतरी मोठा व तरुण आहे. हे काम योग्यच आहे. मात्र निवृत्तीची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवावी. रडार, क्षेपणास्त्र, इंजिन आणि सुटे भाग यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा. आणि नव्या विमानाचा पैसा या खर्चात गिळला जाऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकलाच तेजसची नवी जोडणी सुरू झाली, हे त्या दृष्टीने चांगले लक्षण आहे.

सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपवाल्या बांधवांनाही एक सांगणे. सुधारणेचे काम मोजक्या विमानांचे असते आणि ते एक दिवस संपते. त्यासाठी कर्ज काढून मशीन घेण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारा : विमाने किती, आणि वर्षे किती? जे मशीन हे काम संपल्यावर दुसऱ्या कामाला लागेल, तेच घ्या. सरकारला जो हिशेब वेळेवर जमला नाही, तो आपल्याला जमायलाच हवा; आपले नुकसान भरून द्यायला तिजोरी नाही.