सराफाच्या पेढीवरील घड्याळ

लग्नसराईत सराफाच्या पेढीवर गेलेले व्यापारी कुटुंब सोन्याच्या बाबतीत सहसा फसत नाही. वजन काट्यावर दिसते, शुद्धता हॉलमार्क सांगतो, दिवसाचा भाव फलकावर असतो आणि घडणावळीवर घासाघीस करता येते. त्याच दालनात जावयासाठी घड्याळ निवडताना मात्र हा चोखंदळपणा मावळतो. सात हजारांचे आणि सात लाखांचे घड्याळ शेजारी मांडलेले असते. वेळ दोन्हींत एकच दिसते. मग अंतर कशाचे?

ते अचूकतेचे खासच नव्हे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याचे मोल साडेचार लाख येन, म्हणजे एखाद्या लहान मोटारीइतके होते. पुढे हेच तंत्र स्वस्त झाले. आज साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्यात साधारण पंधरा सेकंदांचाच फरक पडतो. उलट, प्रमाणपत्र मिळालेल्या स्विस यांत्रिक क्रोनोमीटरला दिवसाला सहा सेकंद पुढे किंवा चार सेकंद मागे जाण्याची मुभा असते. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक दोन्ही घड्याळे सारख्याच विश्वासाने मोजतात.

अधिक मोल जाते ते बॅटरीविना चालणाऱ्या यंत्ररचनेला, कारागिराच्या हातकामाला, ओरखडा सहजी न उठणाऱ्या नीलमणी काचेला आणि बऱ्याच अंशी नावलौकिकाला. कलेची पारख असलेल्याने त्यासाठी पैसे मोजावेत. त्यात गैर काही नाही. मात्र यांत्रिक घड्याळ काही वर्षांनी उघडून साफ करून घ्यावे लागते. तो खर्च सेल बदलण्याच्या कितीतरी पट असतो. खरेदीपूर्वीच त्याची चौकशी करावी.

खरी गफलत होते ती ‘सोन्यासारखीच ही गुंतवणूक’ या समजुतीने. सोन्यावर तीन टक्के जीएसटी, तर घड्याळावर अठरा टक्के. दहा लाखांपेक्षा अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएसही घेतला जातो. तो आयकरात वळता होतो, एवढेच. अंगठी मोडताना वजनाचे पैसे हाती येतात. घड्याळाचे मोल मात्र गिऱ्हाईक मिळण्यावर ठरते. मोजक्या दुर्मीळ नमुन्यांना चढा भाव येतो, बहुतेकांचा उतरतो. म्हणून खतावणीत दागिना ठेवीच्या बाजूला आणि घड्याळ खर्चाच्या बाजूला लिहिणेच योग्य.

पट्ट्याकडेही लक्ष द्यावे. अनेक उंची घड्याळांचा पट्टा वासराच्या वा मगरीच्या कातड्याचा असतो. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात असे घड्याळ भेट म्हणून जाणे उभय पक्षांना अवघड करते. पोलादी साखळीचा पट्टा मागून घ्यावा आणि पावतीवर तशी नोंद करवून घ्यावी.

व्याह्यांच्या मानपानासाठी विशिष्ट नावाचे घड्याळ हवे, असा आग्रह आता काही ठिकाणी ऐकू येतो. तो पुरवण्यासाठी वधूपित्याने दुकानाचे खेळते भांडवल मोडले, तर त्या घड्याळाचा प्रत्येक ठोका त्याला व्याजाची आठवण करून देईल. दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी पेढीची पायरी चढण्यापूर्वीच रकमेची मर्यादा मोकळेपणाने ठरवावी. मग त्या मर्यादेत मिळालेले घड्याळ साधे असले, तरी मनगटावर संकोचाने झाकावे लागत नाही.