वारा आणि वळण

केंब्रिजमध्ये सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाचं वाऱ्याबद्दल काहीतरी मत असतंच. इथले लोक सांगतात, पूर्वेचा वारा थेट उरल पर्वतातून येतो, मध्ये अडवायला काही नाही. नकाशा काढून तपासायच्या भानगडीत मी पडलेलो नाही. जानेवारीत सकाळी साडेआठला ते आपोआप पटतं.

असाच एकदा कुडकुडत लॅबमध्ये पोचलो तर चिनी सहकारी म्हणाली, "आमच्याकडे उपासमारीला 'वायव्येचा वारा पिणं' म्हणतात." मी म्हटलं, "आमच्याकडे 'बसा हवा खात'." ते पितात, आपण खातो, पोट दोघांचं रिकामंच! त्या दिवसापासून चहाच्या वेळी हा खेळच सुरू झाला.

चिनीत वाऱ्याला 'फंग' म्हणतात. हसरे बुद्ध आणि बांबूची रोपं घेऊन आपल्या दिवाणखान्यांत शिरलेल्या फेंगशुईतला 'फेंग' तोच. 'शुई' म्हणजे पाणी. थोडक्यात, आपलं हवापाणी. पक्षाघाताचा चिनी शब्द 'वाऱ्याचा तडाखा बसणे' असा आहे, आपला अर्धांगवायू. दुखऱ्या सांध्यांना ते 'वारा-ओल' म्हणतात, आपण संधिवात. 'वेडा' हे चिन्ह लिहितात तेव्हा आजाराच्या चौकटीत वारा बसवतात, आणि तापात बडबडणाऱ्याला आपल्याकडे 'वात झालाय' म्हणतात. (हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं, असा निष्कर्ष कृपया काढू नये. जे दिसत नाही, अचानक येतं आणि जागा बदलतं, त्याला वारा म्हणायला कुणाची शिकवणी लागत नाही.)

कानाजवळ मात्र गाडी बिनसते. कानाआड केलेल्या उपदेशाला चिनीत 'घोड्याच्या कानावर पूर्वेचा वारा' म्हणतात, घोडा ढिम्म. आपल्या वासराच्या कानात वारं शिरलं की ते शेपूट वर करून उधळतं!

पण खरी गंमत पुढेच आहे. चिनीत चालीरीती, लेखनाची शैली, पदार्थाची खास चव, कामाची पद्धत, या सगळ्या शब्दांत 'फंग' येतो. कन्फ्यूशियसच्या वचनांत राज्यकर्त्याचं वर्तन वारा आणि प्रजा गवत, अशी उपमा आहे. घराण्याच्या संस्कारांना ते 'घरचा वारा' म्हणतात. पोरानं तोंडाला काळं फासलं तर तो 'दाराचा वारा नासवतो'. वाईट प्रथेला 'वाकडा वारा' म्हणतात, म्हणजे तिथेही सगळे वारे चांगले नाहीत.

या 'घरच्या वाऱ्या'ला आपला शब्द कोणता? मला एकच सुचला, वळण. मुलाला वळण लावायचं, अक्षराला वळण हवं, घरचं वळण चांगलं. वळण आपलं, घरातलं; वारा बाहेरचा. 'शहराचं वारं लागलं', 'तिकडचं वारं लागलं' हे कौतुकानं कुणी म्हणत नाही. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांना तर शेजारी ते अगदी हळू आवाजात सांगतात.

इथे मला चिनी भाषा जास्त खरी वाटते. घरचे संस्कारसुद्धा कधीतरी कुठून तरी वाहत आलेलेच असतात. मराठीतलं सुनीत हे इटलीत जन्मलेलं आणि इंग्रजीतून आलेलं वारंच की! केशवसुतांनी ते अंगाला लावून घेतलं, आणि आज ते मराठी कवितेचं वळण म्हणून आपण शाळेत शिकतो. इथल्या किंग्ज कॉलेजात १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला शू चिमो नावाचा चिनी तरुण होता. तो इंग्रजी कवितेचं वारं लागून परत गेला आणि नव्या चिनी कवितेतला मोठा कवी झाला. १९२४ साली रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा त्यांचा दुभाषी तोच. केंब्रिजचा निरोप घेणारी त्याची १९२८ची कविता चिनी माणसाला तोंडपाठ असते, आणि २००८ साली तिच्या ओळी कोरलेला दगड कॉलेजच्या पुलाजवळ बसवला. चिनी पर्यटक टोप्या सांभाळत त्याच्यासमोर फोटो काढतात. याला तिकडचं वारं लागलं, अशी तक्रार अजून तरी कुणाकडून ऐकली नाही.

मध्यंतरी आईनं फोनवर विचारलं, "पोरीला तिकडचं वारं तर नाही ना लागलं?" मी म्हटलं, "लागलं गं. आत्ताच बाहेरून आली, कान लाल झालेत." तिला विनोद आवडला नाही. मग फोन पोरीकडे दिला. ती आजीशी मराठीतच बोलली, मध्येमध्ये इंग्रजी शब्द घालून, पण 'अगं आजी' म्हणताना हेल थेट माझ्या आईचा.