अहवालातील आकडे आणि घरातील ज्येष्ठ

आर्थिक वर्ष सरले की सेवासंस्थांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागतात. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालांत किती खाटा वाढल्या, किती शिबिरे झाली, किती चष्मे वाटले, याची नोंद असते. या कामाचे मोल कमी नाही. परंतु संस्थेच्या साहाय्यामुळे किती वृद्धांना स्वतःच्या घरी, आपल्या माणसांत राहता आले, हा आकडा क्वचितच आढळतो. वस्तुतः प्रगतीचे खरे माप तेच असावयास हवे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी गाठलेल्यांची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. निराधारांसाठी आश्रम हवेतच. पुण्यातील ‘निवारा’ ही १८६३ पासूनची संस्था समाजाच्या करुणेची साक्ष देते. पण एवढ्या मोठ्या समुदायाला पुरतील इतके आश्रम उभारणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

शासनाने आपला वाटा काही प्रमाणात उचलला आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याचा अधिकार दिला. २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे आरोग्यकवच खुले झाले. तथापि कायदा पैसे मिळवून देईल, सोबत देणार नाही.

ती समाजानेच द्यावयाची असते. १९९३ मध्ये कोळिकोड येथे स्थापन झालेल्या ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’च्या कार्यातून केरळात शेजारसेवेचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याच परिसरातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे पाठविण्यात आले. पुढे २००८ मध्ये केरळ शासनाने या विषयाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आधी समाज उभा राहिला, मग शासन आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांची परंपरा मोठी आहे. मात्र संघात येतात ते चालते-फिरते ज्येष्ठ. जे येईनासे झाले त्यांची चौकशी कोण करतो? आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो. पण घरातील आजारी वृद्धाची सेवा बहुधा एकट्या सुनेच्या वा मुलीच्या वाट्याला येते. तिला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत, ही काळजी वाहिल्याखेरीज तो अभिमान पोकळच ठरेल.

प्रत्येक वस्तीने आपल्या परिसरातील घराबाहेर न पडू शकणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी आणि त्यांच्या भेटीचे वार वाटून घ्यावेत. त्यासाठी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ती नियमितता. पुढील वर्षीच्या अहवालात खाटांच्या जोडीने या भेटींची नोंद झाली, तर ती खरी प्रगती म्हणता येईल.