दादीनं बुरखा धरला

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसते. गेल्या महिन्यात तिथं आमच्या शेजारीच एक अनोळखी कुटुंब डबे उघडून बसलं होतं. बुरख्यातली आई, वडील, दोन मुली आणि साठी ओलांडलेली दादी. जेवणं झाल्यावर मुलींनी चपला मांडून रेषा आखली आणि आई-दादीची शर्यत लावली. दादीनं आधी नाही-नाही केलं, मग पदर कमरेला खोचला. सुनेनं बुरख्याचा घेर मुठीत गोळा केला. निम्म्या वाटेत सून पुढं जातेय असं दिसताच दादीनं मागून तिचा बुरखाच धरून ठेवला आणि स्वतः पुढं सटकली! मुली ‘चीटिंग, चीटिंग’ म्हणून ओरडत होत्या. वडील पंच होते. त्यांनी आपल्या आईला बाद ठरवलं, त्यावर दादीनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. सून हिरवळीवर बसून पोट धरून हसत होती.

माझ्याबरोबरचा कंपनीतला मित्र हळहळला, ‘बिचारी, किती उकडत असेल.’ घरी येऊन हा किस्सा सांगितला तर एका बुजुर्ग नातेवाइकांनी विचारलं, ‘गैरमर्दांसमोर धावत होत्या?’ दोघंही भली माणसं. एकाला फक्त बुरखा दिसला, दुसऱ्याला फक्त बेपर्दगी.

आमच्या धंद्यात काही बिघडलं तरच लॉग उघडतात. सुरळीत चाललेल्या प्रणालीकडं कोणी ढुंकून बघत नाही. मुस्लिम बाईचं तसंच झालंय. ती बातमीत येते ती तलाकपीडित म्हणून, नाहीतर हिजाबच्या वादात. 1966 साली हमीद दलवाईंनी सात महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तिथपासून 2019 च्या तीन तलाकविरोधी कायद्यापर्यंतची लढाई गरजेचीच होती आणि अजून संपलेली नाही. पण कायदा वाईट संसारातून बाईला बाहेर काढतो. चांगला संसार कसा असतो, हे आपण कधी बोलणार? सुनेनं सासूसमोर पोट धरून हसावं, ही आपल्या अनेक घरांत अजूनही लहान गोष्ट नाही.

नातेवाइकांना मी अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस सांगितली. पैगंबरांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा आयेशा जिंकल्या. पुढं त्यांचं वजन वाढल्यावर पैगंबर जिंकले आणि ही आधीच्या हारीची फेड, असं म्हणाले. नातेवाईक म्हणाले, ‘वो अलग बात है.’ कशी अलग, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली मुंबईवरच्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात नेमका हा मुद्दा मांडलाय. बाई रस्त्यावर दिसली की तिला काहीतरी काम दाखवावं लागतं: बाजार, शाळा, दवाखाना. उगाच असण्याचा हक्क पुरुषांचा. मुस्लिम बाईला तर दुहेरी हिशेब द्यावा लागतो, मोहल्ल्यात आपल्यांना आणि मोहल्ल्याबाहेर इतरांना. म्हणून मला त्या दादीचं कौतुक वाटतं. तिनं कुणालाच हिशेब दिला नाही. (बुरखा असावा की नसावा, यावर माझं मत आहे, पण ते त्या सुनेला विचारल्याशिवाय इथं लिहिणं मला पटत नाही.)

आणखी एक साधी गोष्ट. धावायला जागा लागते. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली. तिथं इमारतीला इमारत खेटून उभी राहिली, बागेचा विचार कुणी करायचा? आपल्या वस्त्यांतून नगरसेवकाकडं जाणारी निवेदनं पाणी, गटार आणि कब्रस्तानच्या जागेची असतात. त्यांत एक ओळ बागेसाठी वाढवायला हरकत नाही. आणि आपल्या पुढच्या महिला मेळाव्यात दुपारच्या दोन भाषणांपैकी एक कमी करून तो तास खेळांना द्यावा. सासू-सुनांची एक जोडी लावावी. पंच म्हणून मुलगा नको, त्याचे हाल मी पाहिलेत.