सराफ्यातला द्रोण आणि हॉटेलातली बशी

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत अलीकडे एक नवी तऱ्हा रूढ होत आहे. ताट वाढून घेऊन जेवायचे नाही. चार-सहा मंडळींनी टेबलाभोवती बसायचे, आठ-दहा लहान बशा मागवायच्या आणि प्रत्येकीतला घास-दोन घास सर्वांनी चाखायचा. संगीत चालू असते, गर्दी असते, गप्पांना ऊत आलेला असतो. या प्रकाराला ‘स्मॉल प्लेट्स’ म्हणतात. स्पेनमधील ‘तापास’ आणि पश्चिम आशियातील ‘मेझे’ ही त्याची थोरली भावंडे. ‘तापा’ या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘झाकण’ असा आहे. पण झाकणाएवढ्या बशीने आता अर्धे जग जिंकले आहे.

आम्हा इंदूरकरांना यात नवल ते काय वाटावे? राजवाड्यामागच्या सराफ्यात हीच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार; रात्री पेढ्यांच्या फळ्या पडल्या की त्याच ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उतरत नाहीत. येथे पोटभर जेवण कोणी मागत नाही. एका ठिकाणी भुट्ट्याचा कीस, दोन पावले पुढे खोपरा पॅटिस, मग दहीवडा, थंडीचे दिवस असले तर मसाला भुरभुरलेला गरम गराडू, शेवटी मालपुआ किंवा ताटलीएवढा जलेबा, आणि त्यावर दाट दुधाची शिकंजी. प्रत्येक जिन्नस द्रोणात, प्रत्येक द्रोण चौघांत.

यात आपल्या मराठी घरांचाही वाटा आहे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी आपल्या घरी एकादशीला तुपाजिऱ्याच्या फोडणीवर होते. सराफ्यात तीच वाफेवर मोकळी ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की मसाला, लिंबू, कोथिंबीर व फराळी शेव घालून हाताने कालवून देतात. उपासाचा पदार्थ माळव्यात येऊन असा चैनीचा झाला! मक्याच्या कणसाचा कीस आपल्या स्वयंपाकघरांनाही परका नाही. होळकरांच्या राज्यात मराठी व माळवी चुली शेजारी-शेजारी पेटत राहिल्या, त्याची साक्ष हे द्रोण देतात.

पण बशीला असा मान मिळत असतानाच द्रोणावर मात्र गंडांतर आले आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्याला फटाक्यांच्या कारखान्यात भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. त्यानंतर सराफ्यातील अरुंद गल्ल्या आणि त्यांत ओळीने मांडलेली गॅसची नळकांडी यांकडे सर्वांचे लक्ष गेले, महापालिकेने समिती नेमली, आणि चौपाटी येथून हलवावी की काय, ही चर्चा सुरू झाली. २०२५ साली सराफ व्यापाऱ्यांनी हा आग्रह अधिक जोराने धरला. शेवटी परंपरागत पदार्थांची ८० दुकाने ठेवावी आणि बाकीची काढावी, असा तोडगा पुढे आला.

सराफांची तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पेढी बंद होण्याआधीच दारात शेगडी येते, गिऱ्हाइकाला वाट मिळत नाही, भिंती काजळतात. आणि आग लागलीच तर बंब आत शिरणार कसा, याचे उत्तर कोणाजवळ नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत तेथे मोमो, नूडल्स, पिझ्झा यांचीही दाटी झाली. हे पदार्थ कोठेही मिळतात. त्यांच्यासाठी सराफ्याचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

तरीही ‘हलवा’ म्हणणाऱ्यांनी सराफा चालतो कसा, याचा विचार केलेला दिसत नाही. नव्या उपाहारगृहात दहा बशा येतात त्या एका मुदपाकखान्यातून, आणि त्यांचे पैसे जातात एका गल्ल्यात. एकेक बशी स्वस्त भासते, बेरीज मात्र ताटापेक्षा भारी होते. सराफ्यात दहा द्रोणांमागे दहा चुली असतात व दहा कुटुंबे असतात. तेथला माणूस एकच जिन्नस करतो, रोज करतो, आणि बहुधा त्याचा बापही तोच करीत असे. त्याचे कसब त्या एका जिनसेत मुरलेले असते. त्याच्या धंद्याचा सारा आधार शेजाऱ्यावर आहे, कारण नुसता कीस खाण्यासाठी रात्री अकराला कोणी घराबाहेर पडत नाही. माणसे येतात ती पुढच्या नऊ द्रोणांच्या ओढीने. त्यातली निम्मी दुकाने एका मैदानात आणि निम्मी दुसऱ्या रस्त्यावर नेली, तर दोन सराफे होणार नाहीत. असलेला एकही राहणार नाही.

छप्पन दुकानचा दाखला पुष्कळजण देतात. ती जागा २०२० मध्ये नव्याने बांधून काढली आणि ती स्वच्छ व देखणी झाली, हे खरे. परंतु तेथे मुळातच पक्की दुकाने होती. जागा तीच राहिली, रूप तेवढे बदलले. तो दाखला सुधारणेचा आहे, स्थलांतराचा नाही.

कायद्याची बाजूही पाहू. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा अधिनियम केला. त्यात ‘पथविक्रेता’ म्हणजे केवळ सडकेवर बसणारा नव्हे. खाजगी जागेत तात्पुरती मांडणी करून विकणाराही त्यात येतो. विक्रेत्याला हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस हवी. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांतले हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते धंदा करीत आले आहेत असा स्वाभाविक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व त्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत नमूद आहे. सराफ्याएवढे या व्याख्येत चपखल बसणारे ठिकाण मध्य प्रदेशात दुसरे शोधावे लागेल. ओटा ज्याचा, त्याची संमती हा प्रश्न उरतोच. पण तो घरमालक व विक्रेता यांनी लेखी करार करून सोडवण्याचा आहे, बाजार उठवून नव्हे.

तेव्हा मला वाटते, ८० हा आकडा वादाचा विषय होऊ नये. निवडीची कसोटी व्हावी. जुने कोण, हे वशिल्याने न ठरता कागदोपत्री ठरावे व यादी सर्वांना पाहता यावी. नळकांड्यांची संख्या बांधून द्यावी, शक्य तेथे विजेच्या शेगड्या आणाव्यात, मधली वाट मोकळी ठेवावी, आणि पेढ्यांचा व्यवहार आटोपण्याआधी एकही कढई चढू नये. यातले काहीही अशक्य नाही. स्वच्छतेसाठी देशभर वाखाणल्या गेलेल्या शहराला एक गल्ली शिस्तीत ठेवता येऊ नये, हे पटत नाही.

नव्या उपाहारगृहांशी माझे भांडण नाही. तरुण मंडळींनी तेथे जावे, खुशाल बशा वाटून खाव्यात. पण तेथे आत जायचे तर खिशाचा अंदाज घेऊन जावे लागते. सराफ्यात मात्र पेढीवरचा शेठ आणि त्याच्याकडचा हमाल एकाच कढईपुढे उभे राहतात, आणि दोघांच्याही हातात पडणारा द्रोण सारखाच असतो. संस्थान गेले, राजवाड्याचे वैभव सरले, तरी ही समानता या गल्लीने टिकवून धरली आहे. ती गमावून बसलो, तर कितीही सुबक बशांनी तिची भरपाई होणार नाही.