फेरफार मोटारीचा, विमा कशाचा?

मोटार आपली, पैसा आपला, मग तिच्यात हवा तो बदल करण्यास आडकाठी कोणाची, असा सवाल पुष्कळ मालक करतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात त्याचे उत्तर आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफारामागे ५००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठरविली.

कानठळ्या बसविणाऱ्या सायलेन्सरची आम्हांस कणव नाही. चिंता वाटते ती काटकसरी गृहस्थाची. तो गल्लीतल्या गॅरेजात सीएनजीची टाकी बसवून घेतो. नोंदणीपत्रात नोंद नाही, विमा कंपनीस पत्ता नाही. पुढे गाडी पेटली की कंपनी भरपाई नाकारते आणि वर्षानुवर्षे भरलेले हप्ते त्यास आठवतात. कंपनीने हमी घेतली होती ती कागदावरच्या मोटारीची, हे त्यास तोवर कोणी सांगितलेले नसते. विमा विकताना हप्ता सांगण्याची जी तत्परता दिसते, ती येथे का दिसू नये?

याहून निकड आहे ती ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांची. ब्रेक हाताने चालविण्याची योजना ही त्यांची हौस नव्हे. अशा बदलास मागाहून मंजुरी घेण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीनेच दिली आहे. ती मंजुरी परिवहन कार्यालयांनी खेटे घालावयास न लावता द्यावी आणि तिची नोंद विमापत्रात त्याच दिवशी व्हावी, अशी आमची मागणी आहे.